नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का, ते आपल्या नळाशीच कसं पाहायचं

नळाला पाणी सुटलं की पहिला हंडा पिण्यासाठी भरू नका. सुरुवातीची पाच-सात मिनिटं येणारं पाणी बादलीत धरा, ते धुण्याला, सड्याला, झाडांना वापरा, आणि प्यायचं भांडं त्यानंतर नळाखाली लावा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं आजपासून करता येतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

मी निफाड तालुक्यातला. नोकरीची सगळी वर्षं फिल्टर हाउसवर, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर, ऑपरेटर म्हणून काढली. तुरटीची मात्रा, फिल्टरचं बॅकवॉश, क्लोरीनचं सिलिंडर, रात्रपाळीला जलकुंभाची पातळी, हेच माझं काम होतं. आता निवृत्त आहे, तरी गल्लीतली माणसं विचारतात, "काका, आपलं पाणी चांगलं येतं ना?" माझं उत्तर ठरलेलं असतं. फिल्टर हाउसमधून पाणी कसं निघतं ते ऑपरेटर सांगेल. तुमच्या घरात कसं पोचतं ते तुमच्या नळाशीच तपासावं लागेल. पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या शे-दोनशे फुटांत, रस्त्यातल्या लाइनपासून तुमच्या माठापर्यंतच्या टप्प्यात.

कारण आपल्याकडे चोवीस तास पाणी नसतं. नाशिक शहराच्या उशाला गंगापूर धरण आहे. जिल्ह्यातल्या लहान गावांना मात्र कुठे दिवसाआड, कुठे चार दिवसांनी पाणी मिळतं. मनमाडकरांनी तर वर्षानुवर्षे उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी भरलंय. व्हॉल्व्ह बंद झाला की लाइनीतला दाब संपतो. पाणी उताराकडे निघून जातं, मागे पोकळी राहते, आणि जिथे सांधा गळका असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दाब असताना जे भोक पाणी बाहेर फेकतं, तेच भोक दाब गेल्यावर गटारातलं पाणी आत घेतं. पुढच्या वेळी पाणी सुटलं की ते सगळं आधी तुमच्या नळातून बाहेर पडतं. पहिला हंडा टाळायचा तो यासाठी.

आधी स्वतःचं कनेक्शन बघा

पाणी नसेल त्या वेळी घराबाहेर या आणि रस्त्यातल्या लाइनीपासून आपल्या नळापर्यंतचा पाइप डोळ्यांनी शोधा. बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. जुन्या वस्तीत हा अर्ध्या इंची जीआय पाइप गटार ओलांडून येतो, आणि गटारीतच त्याचा सांधा असतो. पाइप वरून धडधाकट दिसतो; खालच्या बाजूने बोट फिरवलं की गंजाचे पापुद्रे हाताला लागतात. असा पाइप बदला, आणि नवा टाकताना तो गटारीच्या वरून, मोठ्या पाइपाच्या आवरणातून घ्या. गटारीच्या पट्ट्यात एकही सांधा येऊ देऊ नका. प्लंबरला हे काम सुरू होण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर तो जुन्याच जागी नवा तुकडा बसवून मोकळा होतो.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे खड्ड्यातला नळ. दाब कमी म्हणून माणसं अंगणात कमरेएवढा खड्डा खणतात, तळाशी नळ उघडा ठेवतात आणि खाली उतरून कळश्या भरतात. भरून झालं की खड्ड्यात वीतभर पाणी साचलेलं असतं. त्यात पायाची माती, साबण, कधी शेजारच्या मोरीचा पाझर, आणि नळाचं तोंड त्या पाण्याच्या आत. तिकडे व्हॉल्व्ह बंद झाला की हे साचलेलं पाणी घोटाघोटाने लाइनीत परत जातं. मी हे खड्ड्याशी उभं राहून पाहिलंय. पाण्याची पातळी हळूहळू खाली जाते आणि नळाच्या तोंडाशी बारीक भोवरा फिरतो. ते पाणी पुढच्या वेळी कोणाच्या घरी निघेल सांगता येत नाही. त्यामुळे खड्डा असेल तर निदान नळाला तोटी बसवा, पाणी भरून होताच ती बंद करा, आणि खड्ड्यातलं पाणी उपसून टाका. खरा उपाय एकच: नळ जमिनीच्या वर घ्या, आणि दाब मिळत नसेल तर सगळ्या गल्लीने मिळून व्हॉल्व्हच्या वेळा बदलून मागा.

नळाला थेट मोटार लावणं बेकायदा आहे, आणि शेजाऱ्याचं पाणी पळवलं जातं एवढाच तिचा दोष नाही. मोटार लाइन शोषते, आणि शोषलेली लाइन प्रत्येक गळक्या सांध्यातून घाण आत घेते. ज्याच्या घरी मोटार, त्याच्याच पिंपात ती आधी जाते. बोअरवेल आणि नळ एकाच पाइपात जोडलेले असतील तर तेही आजच सुटे करा.

ओटी टेस्ट

पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे घरी पाहता येतं, आणि तुमच्या नळाबद्दलची सर्वांत मोठी माहिती हीच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. आम्ही फिल्टर हाउसवरून निघताना तो जास्त ठेवायचो, म्हणजे गावाच्या शेवटच्या नळाशीही तेवढा उरावा. वाटेत लाइनीत घाण शिरली तर क्लोरीन तिच्याशी झुंजताना खर्च होतो. म्हणून नळाला क्लोरीन सापडला तर वाटेत मोठा घोळ झालेला नाही असं धरायला आधार मिळतो. नाहीसा झाला असेल तर काहीतरी घडलंय, किंवा पाणी निघालंच तसं.

ग्रामपंचायतीत गावाच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या जलसुरक्षकाकडे ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाची, बाटली आणि काचेची नळी असते. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या नाशिकच्या दुकानांतही ती मिळते. पहिली पाच-सात मिनिटं जाऊ द्या. मग नळी त्याच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरा, बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब टाका, हलवा, आणि पांढऱ्या कागदासमोर धरून लगेच बघा. फिकट लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. सोबतच्या रंगपट्टीशी जुळवलं की किती आहे तेही कळतं. थेंब टाकूनही पाणी पाण्यासारखंच राहिलं तर क्लोरीन नाही. "लगेच" यावर माझा जोर आहे, कारण मोकळा क्लोरीन क्षणात रंग देतो. चार-पाच मिनिटांनी हळूहळू चढणारा रंग बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, आणि तो जंतू मारण्यात फार मंद आहे. पुष्कळ ठिकाणी नळी बाजूला ठेवून गप्पा मारतात आणि नंतर "आला पिवळा" म्हणून रजिस्टरला लिहितात.

ओटीचं रसायन विषारी आहे. तपासलेलं पाणी हंड्यात परत ओतू नका, हात धुवा, बाटली पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्या मिळाल्या तर त्या जास्त चांगल्या.

तपासणी नळाच्या पाण्याची करायची, गच्चीवरच्या टाकीची नाही. टाकीतला क्लोरीन उन्हाने आणि वेळाने आपोआप उडतो, त्यावरून लाइनीचं काही कळत नाही. आणि एकाच नळावर थांबू नका. जलकुंभाजवळच्या एका घरी बघा, मग आपल्याकडे, मग लाइन जिथे संपते त्या शेवटच्या घरी. जलकुंभाशी पिवळं आणि तुमच्याकडे पांढरं, तर बिघाड मधल्या लाइनीत आहे. सगळीकडेच पांढरं, तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलंच नाही किंवा ते जुनं झालंय. टीसीएल पावडर ताजी असताना तिच्यात क्लोरीन साधारण तेहतीस टक्के असतो. उघड्या पोत्यात, दमट खोलीत तो उडून जातो आणि मागे नुसता चुना राहतो. ढेकळं झालेल्या, नाकाला न झोंबणाऱ्या पावडरीने पाणी निर्जंतुक होत नाही, टाकणारा कितीही प्रामाणिक असो.

एक कळकळीची विनंती. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करू नका. अशा तक्रारी वाढल्या की खालचा माणूस मात्रा कमी करतो, आणि पहिला फटका शेवटच्या नळाला बसतो. वास नकोसा असेल तर पाणी भांड्यात जाळीदार फडक्याखाली थोडा वेळ ठेवा, वास निघून जातो.

डोळ्याला आणि नाकाला काय कळतं

काचेचा पेला घ्या, स्टीलचा नको. दुधट पाणी खालून वर निवळत गेलं तर ती हवा आहे, काळजी नको. लालसर गढूळ पाणी जूनमध्ये येतं. नदीला नवं पाणी आलं की मातीचा लोंढा असतो, तुरटी वाढवावी लागते, आणि मातीबरोबर आलेला पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, पण नाशिकच्या खाली ती शहराचं सांडपाणी घेऊन येते, आणि नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यात जलपर्णी माजते. खालच्या अंगाच्या गावांना हेच पाणी उचलावं लागतं, म्हणून इथल्या फिल्टर हाउसवर क्लोरीनचा खप जास्त. पावसाचे पहिले तीन-चार आठवडे ओटी रोज करा आणि प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

पाऊस नसताना एकाच गल्लीत गढूळ पाणी आलं तर लाइन फुटलीय. सडक्या अंड्याचा किंवा मोरीचा वास आला तर ते पाणी तोंडातही घेऊ नका. लाल बारीक अळ्या दिसल्या तर बहुधा आपल्याच टाकीचं झाकण उघडं असतं.

पण स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असेलच असं नाही, आणि टीडीएस मीटरवर तर मुळीच विसंबू नका. ते मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं, जंतू मोजत नाही. टीडीएस दीडशे असलेल्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू असू शकतात, आणि सातशे टीडीएसचं पाणी निर्धोक असू शकतं. मानकात चांगली मर्यादा ५०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. दारावर येणारा विक्रेता दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवून तुमचं पाणी तपकिरी करून दाखवतो. तो रंग त्याच्या कांडीतल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असतात म्हणून ते फारसं झिजत नाही. पाण्याच्या घाणीशी त्याचा संबंध नाही.

प्रयोगशाळेत नमुना देताना

जंतूंची प्राथमिक शंका फेडायला एच टू एसची बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून घरातच ठेवायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर पाण्यात मैल्याचा अंश असण्याची दाट शक्यता. मग प्रयोगशाळा गाठा. नाशिकला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, सार्वजनिक आरोग्य विभागाचीही आहे. नमुना ग्रामपंचायतीमार्फत जातो, आणि फी भरून स्वतःही देता येतो.

जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, घरची चालत नाही. ती विसळू नका. क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी तिच्यात औषध घातलेलं असतं. नळाचं तोंड पुसा, पाणी थोडं वाहू द्या, झाकणाला आतून बोट न लावता भरा, वर थोडी जागा सोडा, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. एसटीत मांडीवर उन्हात धरून नेलेल्या बाटलीचा निकाल धरू नका. अहवालात शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय आढळता कामा नये, एकसुद्धा नाही.

गावची योजना विहिरीवर किंवा बोअरवर असेल तर रासायनिक तपासणीत नायट्रेट नक्की मागा. द्राक्ष आणि कांद्याच्या पट्ट्यात खतं भरपूर पडतात, आणि ती पाझरून विहिरीत उतरतात. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यावरचं पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला घातक असतं. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं. नायट्रेट घालवायला हे पाणी उकळू नका. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. नायट्रेटवर आरओ कामाला येतो, किंवा बाळासाठी दुसरं पाणी.

टाकी आणि माठ

गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा धुवा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास. गाळ काढून, घासून झाल्यावर टाकी भरा. हजार लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम ताजी टीसीएल पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत ओता. रात्रभर ठेवा, सकाळी घरातले नळ सोडून सगळं पाणी काढून टाका, एकदा साध्या पाण्याने धुवा. हे पाणी प्यायचं नाही. टीसीएलमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू देऊ नका, विषारी वायू सुटतो. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरू नका.

पिण्याच्या पाण्यात क्लोरीन नसेल तर उकळणं सर्वांत भरवशाचं. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, एखादं मिनिट चालू ठेवा, झाकून गार करा. गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडे मेडिक्लोर हे क्लोरीनचं पातळ औषध मिळतं. बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब टाका, ढवळा आणि अर्धा तास थांबा. हा अर्धा तास टाळून चालत नाही. गढूळ पाणी आधी चौपदरी सुती फडक्याने गाळा किंवा तुरटी फिरवून निवळू द्या, नाहीतर औषध मातीवरच खर्च होतं. नुसत्या तुरटीने पाणी निवळतं, पण त्यातले सगळे जंतू मरत नाहीत. माठात हात बुडवून पेला भरू नका, ओगराळं ठेवा किंवा तोटीचं पिंप घ्या. आणि थंड पाण्याचा जो जार दारात येतो त्यावर आयएस १४५४३ चा, म्हणजे बंद भांड्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाचा, शिक्का शोधा. बहुतेक सुट्या जारांवर तो नसतो, म्हणजे ते पाणी त्या मानकात बसतं याची हमी मिळत नाही.

तक्रार कशी द्यायची

"पाणी घाण येतं" असं लिहिलं की कागद फाइलला लागतो. तारीख, वेळ, कोणत्या घराजवळ, ओटीला रंग आला की नाही, शेजारच्या कोणत्या घरी आला, हे लिहा. पोच घ्या. मग तीन गोष्टी विचारा: शेवटच्या नळाचं ओटीचं रजिस्टर, जलकुंभ शेवटचा कधी धुतला (ही तारीख जलकुंभावर रंगवलेली असायला हवी), आणि गावाला कोणतं कार्ड मिळालंय. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या व्यवस्थेची स्वच्छता पाहणी होते. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं कार्ड मिळतं. नगरपंचायत असेल तर कार्डाऐवजी प्रयोगशाळेचे अहवाल मागा. दिले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

गल्लीत आजार निघाला तर

एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांनी आजाराला नाव देण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आणि व्हॉल्व्हमनला सांगून त्या लाइनीचं पाणी बंद करायला लावा. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत टँकर मागा. रुग्णाला ओआरएस सुरू करा, तेही उकळून गार केलेल्या पाण्यात. आधी साठवलेलं सगळं पाणी ओतून द्या, माठ आणि पिंपं धुऊन घ्या. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, तरी ओता.

काविळीचं गणित वेगळं आहे. दूषित पाणी पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून रुग्ण निघाल्यावर केलेली तपासणी पुष्कळदा स्वच्छ येते, कारण बिघडलेलं पाणी केव्हाच पिऊन झालेलं असतं. "अहवाल चांगला आहे" एवढ्यावर विषय मिटू देऊ नका. मागच्या दोन महिन्यांत गल्लीत खोदकाम कुठे झालं, कोणाचं कनेक्शन बदललं, कोणत्या दिवशी पाण्याला वास आला होता, ते घरोघर विचारून लिहून काढा. गळका सांधा त्यातूनच सापडतो. घरात गरोदर बाई असेल तर गल्लीत पहिला रुग्ण कळताच तिचं पाणी उकळायला सुरुवात करा, कारण पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जीव घेऊ शकते. लाइन दुरुस्त झाली, ओटी पिवळी यायला लागली, तरी नवे रुग्ण दोन महिने निघू शकतात. तोवर त्या गल्लीत उकळणं थांबवू नका.